बंद टू-स्ट्रोकला किक मारण्याआधी

जुन्या नाशकात, पंचवटीत, देवळाली कॅम्पात अजूनही कित्येक घरांच्या जिन्याखाली पोतं टाकून ठेवलेली येझदी, राजदूत नाहीतर आरएक्स-100 अशी एखादी जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल उभी असते. वडिलांची, नाहीतर काकांची. विकायचं कुणाच्या जिवावर येतं आणि चालू करायला कुणी धजत नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत घरातला एखादा मुलगा मनावर घेतो, लिटरभर पेट्रोल ओततो, प्लग घासतो आणि घाम निघेपर्यंत किक मारत राहतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. पहिलं सांगणं असं, की पहिल्या दिवशी किक मारायचीच नाही.

का, ते कळायला या इंजिनाच्या पोटात काय चालतं ते बघू. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) दोनदा फिरला की एकदा स्फोट होतो. आत घेणं आणि बाहेर टाकणं व्हॉल्व्ह सांभाळतात, आणि तळाला वेगळं ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट. आपल्याकडच्या या जुन्या इंजिनांना व्हॉल्व्ह नाहीत. ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीला खिडक्या आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वर-खाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो-झाकतो.

आता मुख्य मुद्दा. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावरचा वायू दाबला जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी पिस्टनच्या खाली, क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, पोकळी तयार होते आणि ती कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि त्यासोबतचं ऑइल ओढून घेते. स्पार्क पडतो, पिस्टन खाली येतो, आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि जळलेला धूर निघून जातो. पाठोपाठ बाजूच्या ट्रान्सफर खिडक्या उघडतात आणि खालच्या पेटीत दाबलेलं ताजं मिश्रण वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हा लोहाराचा भाता आहे. भात्याला भोक पडलं की नवा कार्बोरेटर, नवा प्लग, नवी कॉइल, काहीही घाला, भट्टी पेटत नाही.

बंद गाड्यांच्या बाबतीत माझं ठाम मत इथेच बनलं आहे. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचा खरा आजार बहुतेक वेळा या भात्यात असतो आणि उपचार मात्र कार्बोरेटरवर चालू असतात.

क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. गाडी रोज चालत असते तोवर मिश्रणातल्या ऑइलने त्यांचे ओठ ओले राहतात. गाडी उभी राहिली की ते सुकतात. नाशकात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय तापतं ते सांगायला नको. पाठोपाठ चार महिने ओल, आणि मग निफाडचा पारा पेपरात छापून येतो तसली थंडी. अशी दहा-पंधरा वर्षं गेली की रबर कडक होऊन त्याला चिरा जातात. त्यातच पिस्टन नेमका खिडकी उघडी राहील अशा जागी थांबला असेल, तर पावसाळ्यातली दमट हवा सायलेन्सरमधून थेट आत जाते आणि ब्लॉकच्या भिंतीवर गंज धरते. तो गंज तसाच असताना किक मारली की पिस्टनच्या रिंगा त्यावर घासतात. चांगला ब्लॉक पाच मिनिटांत बोअरिंगला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, न्यावा लागतो.

म्हणून सुरुवात प्लग काढून करा. टॉर्च लावून आत पाहा. प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे हलवा. किकपेक्षा चाकाने जोर कमी लागतो आणि आत काय अडतंय ते हाताला कळतं. चाक अजिबात हललं नाही तर डिझेल आणि ऑइल अर्धं-अर्धं घालून आठवडाभर थांबा. हातोडा आणि लाकडाचा ठोकळा घेऊन पिस्टन ठोकणारे भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि गाडी घरी आणा. त्यापेक्षा हेड-ब्लॉक उतरवणं केव्हाही स्वस्त पडतं.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की टाकी. जुनं पेट्रोल उडून मागे चिकट, वार्निशच्या वासाचा थर राहिलेला असतो आणि टाकीच्या तळाला गंज. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. गंज सुटून येतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि लगेच आतून ऑइल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज दिसतो. पेट्रोल कॉक उघडून आतली जाळी साफ करा. झाकणातलं बारीक छिद्रही बघा. ते बुजलं असेल तर टाकीत हवा शिरत नाही, गाडी दोन किलोमीटर मस्त चालते आणि मग मरते. झाकण उघडलं की पुन्हा चालू होते, आणि माणूस आठवडाभर कॉइलच्या मागे लागतो.

कार्बोरेटरबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सगळेच बोलतात. उघडा, पायलट जेट आणि मेन जेट काढा, पेट्रोलमध्ये बुडवा, हवेच्या प्रेशरने फुंका. तार घालू नका. पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, तारेने ते मोठं झालं की गाडी कायमची बिघडली. फ्लोट हलवून पाहा, आत पेट्रोल शिरलेलं असेल तर खळखळतं. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढा. सुरुवातीला एवढं पुरतं.

आता स्पार्क. जुन्या जावा आणि येझदीत बॅटरी, कॉइल, पॉइंट (स्पार्कच्या क्षणी करंट तोडणारा स्विच) आणि कंडेन्सर अशी साखळी आहे. या गाड्या म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात बनत. 1961 पासून जावा, 1973 पासून येझदी नावाने, आणि 1996 ला कारखाना बंद झाला. उजव्या बाजूच्या कव्हरखाली 6 व्होल्टचा डायनामो आणि पॉइंट असतात. इथे बॅटरी मेली असेल तर कितीही किक मारा, स्पार्क पडायचा नाही. आरएक्स-100 मात्र मॅग्नेटवर स्वतःचा स्पार्क बनवते, तिला स्पार्कसाठी बॅटरी लागत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी येझद्यांच्या कॉइली विनाकारण बदलल्या गेल्या आहेत.

पॉइंटवर वर्षानुवर्षं उभं राहून एक पांढुरका थर चढतो. दिसायला किरकोळ, पण करंट अडवायला पुरेसा. बारीक पॉलिश पेपरने तो काढा, वर कोऱ्या कागदाचं टोक फिरवा आणि पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) 0.4 मिलिमीटरच्या आसपास गॅप ठेवा. टायमिंग, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचायच्या किती मिलिमीटर आधी स्पार्क पडायचा, ते आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. किक मारताना पॉइंटवरच जाड ठिणगी उडत असेल आणि प्लगला पिवळट, मरतुकडी, तर कंडेन्सर गेला. तो स्वस्तातला भाग आहे, जुना ठेवायच्या फंदात पडू नका. स्पार्क बघताना प्लग हेडला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब धरा. त्या भोकातून मिश्रणाचा फवारा बाहेर येतो आणि भडका उडू शकतो.

इतकं झालं की बहुतेक लोक गाडी चालू करून पाहतात, आणि ती चालूही होते. इथेच खरी गंमत सुरू होते. गरम झाल्यावर स्लो बसत नाही. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, उलट चढते. लोक म्हणतात कार्बोरेटर ट्यून नाही. पंचवटीतल्या एका मामांच्या येझदीला याच तक्रारीपायी दोन कार्बोरेटर बदलून झाले होते. दोष उजव्या क्रँक सीलचा होता. डायनामोच्या बाजूने कोरडी हवा आत ओढली जात होती. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन. लीन मिश्रणाने इंजिन तापतं, आणि पेट्रोलबरोबरच ऑइल येत असल्यामुळे ऑइलही कमी पडतं. अशी गाडी हायवेवर दामटली की पिस्टन धरतो, म्हणजे ब्लॉकमध्ये अडकून बसतो.

डाव्या बाजूचा सील गेला तर लक्षणं वेगळी. तिकडे क्लच आणि प्रायमरी चेन गिअर ऑइलमध्ये फिरतात. भाता तेच ऑइल ओढतो आणि गाडी ढगासारखा पांढरा धूर सोडते, कितीही चालवली तरी धूर कमी होत नाही आणि गिअर ऑइलची पातळी खाली जात राहते. धूर दिसला की लोक टू-टी ऑइल कमी करतात. हा उपाय रोगापेक्षा घातक आहे.

सील गेलेत की नाहीत हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. घरच्या घरी तपासता येतं, आणि त्यासाठी लागतं ते घड्याळासारखी डायल असलेलं जुनं बीपीचं मशीन. त्याची पट्टी बाजूला ठेवा, रबरी बल्ब, डायल आणि नळी घ्या. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून काढा आणि त्यात नळी बसेल असा पाइप कुणाकडून तरी ब्रेझिंग (पितळेचं जोडकाम) करून घ्या. सातपूर-अंबडच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम होतं. मायको सर्कलच्या आजूबाजूच्या वस्तीत मायकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्यात हातात मायक्रोमीटर धरून आयुष्य घालवलेली निवृत्त माणसं आहेत. त्यांना विचारलंत तर प्लगच्या जोडीला प्रेमाने चार गोष्टी शिकवतीलही.

मग कार्बोरेटर आणि सायलेन्सरचे बेंड पाइप काढा. येझदीला एकाच सिलिंडरला दोन बेंड पाइप, म्हणजे दोन्ही तोंडं बंद करायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर पत्र्याची पट्टी, आणि नट-बोल्ट किंवा क्लॅम्पने घट्ट. कार्बोरेटरचं तोंडही तसंच. पिस्टन अगदी तळाला आणा, म्हणजे ट्रान्सफर खिडक्या उघड्या राहतील आणि वरचा सिलिंडर व खालची पेटी एकच जागा होईल. प्लगच्या जागी आपला पाइपवाला प्लग बसवा आणि बल्ब दाबत डायल 250 ते 300 पर्यंत न्या. 300 मिलिमीटर पारा म्हणजे साधारण 5.8 पीएसआय, टू-स्ट्रोकची क्रँककेस तपासायला लागतो जवळपास तेवढाच दाब. त्याहून जास्त दाब, विशेषतः पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, लावू नका. चांगले सील उलटे होतील.

आता काट्याकडे बघत बसा. मिनिटाभरात काटा जेमतेम हलला तर भाता शाबूत आहे. मिनिटाला 50 पेक्षा जास्त उतरत असेल तर गळती शोधायची. कपडे धुण्याच्या साबणाचा फेस ब्रशने लावा. आधी आपण बंद केलेल्या तोंडांवर, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच असते. मग हेडच्या सांध्यावर, ब्लॉकखालच्या पॅकिंगवर, कार्बोरेटरच्या फ्लँजवर. फ्लँज, म्हणजे जोडाची चपटी कड, पान्याने जास्त आवळून आवळून वाकलेला असतो, काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला की सपाट होतो. उजवा सील बघायला डायनामोचं आर्मेचर काढा आणि क्रँकभोवती फेस लावा. सील गेला असेल तर बुडबुड्यांची रांग उठते. डावा सील क्लचच्या मागे लपलेला असतो. त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पातळ पडदा धरा. तो फुगायला लागला तर हवा क्रँककेसमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे. तो पडदा सावकाश फुगताना पहिल्यांदा पाहिला की टू-स्ट्रोक कळली असं मी समजतो. महिनोन्महिने न सापडणारा दोष डोळ्यांसमोर उभा असतो.

एक पुस्ती जोडतो. काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सुटतात. ब्रेकमधली हवा काढायचा व्हॅक्यूमचा हातपंप कुणाकडे असेल तर त्याच पाइपवर उलटी तपासणीही करा.

नवे सील घेताना जुन्या सीलवरचे आकडे वाचा. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, याच क्रमाने छापलेले असतात. गाडीचं नाव सांगून स्पेअरच्या दुकानात हिंडण्यापेक्षा बेअरिंगवाल्याकडे हे तीन आकडे सांगितले की काम होतं. साध्या नायट्राइल रबराऐवजी व्हायटॉनचे मिळाले तर तेच घ्या, थोडे महाग पडतात. उजवा सील बाहेरून बदलता येतो. डाव्यासाठी क्लच आणि चेनचं स्प्रॉकेट उतरवावं लागतं. काही गाड्यांत पूर्ण इंजिन उघडल्याशिवाय हात पोचत नाही. उघडलंच तर क्रँकच्या बेअरिंग त्याच वेळी बदला.

व्हायटॉनचा आग्रह पेट्रोलमुळे. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई-20, म्हणजे त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि टाकीतला जुना थर सोडवून थेट जेटमध्ये आणून बसवतं. ऊस आणि धान्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याला इथेनॉलने चार पैसे मिळतात, त्यामुळे त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण टू-स्ट्रोकवाल्याने एक धोका लक्षात ठेवलाच पाहिजे. टाकीत पावसाचं पाणी शिरलं तर इथेनॉल त्या पाण्याशी एक होतं आणि दोन्ही तळाला बसतात. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. कॉक तळातून ओढतो. म्हणजे इंजिनात काही काळ असं काही जातं ज्यात ऑइल नावालाही नाही. म्हणून झाकणाचं रबर नवं घाला, पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपवून ठेवा.

ऑइल किती घालायचं यावर वाद कधी मिटायचा नाही. गाडीचं मॅन्युअल जे सांगतं ते पाळा. लिटरला 40 मिलिलिटर म्हणजे 25 ला 1, आणि जुन्या येझदीला सुरुवातीला मी तेवढंच घालतो. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं, डब्यावर जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघा. टाकीत वरून ओतून गाडी हलवणं पुरेसं नाही. बाटलीत वेगळं मिसळून मग टाका. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल कमी करणाऱ्यांना जसं मी थांबवतो, तसंच काळजीपोटी दुप्पट घालणाऱ्यांनाही. ऑइल वाढलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी होतं, मिश्रण लीन होतं. आरएक्स-100 ला वेगळी ऑइल टाकी आणि पंप आहे. बरीच वर्षं बंद असेल तर त्या पंपात हवा अडकलेली असते. ती स्क्रू सैल करून काढा, आणि पहिली टाकी पेट्रोलमध्येही ऑइल मिसळूनच चालवा, म्हणजे पंपाने दगा दिला तरी पिस्टन वाचतो.

सायलेन्सर काढलाच आहे तर त्याची आतली जाळी, म्हणजे बॅफल, ओढून बघा. काजळी आणि ऑइलचा दगड झालेला असतो. ती बुजली की गाडी पन्नासच्या पुढे ओढतच नाही. साफ करून परत बसवा. फटफट आवाजासाठी जाळी फेकून देणारी कॉलेज रोडची पोरं गाडीची ताकद फेकून देतात. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरमधून परत येणारी दाबाची लाटच निसटू पाहणारं ताजं मिश्रण अडवते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते. गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. मंडईत न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

पहिली फेरी गंगापूर रोडने धरणाकडे घ्या. सकाळी लवकर, अर्ध्या अॅक्सिलरेटरवर, आणि दहा किलोमीटरनंतर थांबून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक. पांढराशुभ्र असेल तर गाडी तशीच पुढे नेऊ नका, कुठून तरी अजून हवा घेते आहे. चालवताना डावा हात क्लचवर सैल ठेवा. इंजिनाचा आवाज अचानक जड झाला, गाडी मागे ओढल्यासारखी वाटली, तर विचार न करता क्लच दाबा. पिस्टन धरायच्या आधी इशारा क्षणभरच मिळतो.

कसारा घाट मात्र पहिल्या महिन्यात टाळा, आणि उतरताना तर विशेष. चढावर गाडी तापते हे सगळे जाणतात, पण टू-स्ट्रोक उतारावर जास्त धरते. लांब उतारावर अॅक्सिलरेटर बंद, इंजिन मात्र चाकाच्या जोराने गरगरा फिरत असतं. पेट्रोल येत नाही म्हणजे ऑइलही येत नाही. अशा उतारावर दर थोड्या वेळाने क्लच दाबून अॅक्सिलरेटर जरासा उघडायचा आणि वेग ब्रेकने सांभाळायचा. त्यासाठी ब्रेकचे लायनर आधी बदललेले हवेत. जिन्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे जुने लायनर चिकट्यावरून सुटून ड्रममध्ये पडलेले असू शकतात, आणि घाटाच्या आधी चाकं उघडून ते बघणं सीलइतकंच जरुरीचं आहे.